हँडब्रेक कोण तपासतो?

उतारावर उभ्या केलेल्या मोटारीच्या मागच्या चाकाला टेकवलेली वीट आपल्या सोसायट्यांमध्ये आणि घाटमाथ्यावरच्या वाहनतळांवर नेहमी दिसते. जास्तीची खबरदारी म्हणून ती लावणारे आहेत, आणि त्यांचे योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे त्याच गाडीसोबत फिरणारी वीट बहुधा एवढेच सांगत असते की हँडब्रेक धरत नाही आणि मालकाने ते चालवून घेतले आहे. उतारावरून सुटलेल्या गाडीपुढे खेळणारे मूल येऊ शकते, हे ठाऊक असूनही चालवून घेतले आहे.

कायद्याने हा विषय सोडलेला नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक जागी गाडी उभी असताना चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. अडचण आहे ती तपासणीची. टॅक्सी, बस, ट्रक यांना ठराविक मुदतीने फिटनेससाठी जावे लागते. घरगुती मोटारीची नोंदणी मात्र एकदा झाली की पंधरा वर्षे चालते. मधल्या काळात पीयूसी होते, त्यात धूर तपासतात. ब्रेककडे कोणी पाहत नाही. म्हणजे ही जबाबदारी पूर्णपणे मालकाची आणि त्याच्या गॅरेजवाल्याची.

आणि नेमकी तिथेच एक वाईट सवय मुरली आहे. हँडब्रेक वर यायला लागला, पूर्वीपेक्षा जास्त ‘कट-कट’ व्हायला लागली, की केबल टाइट करून द्यायची. पाच मिनिटांचे काम, गिऱ्हाईक खूश. पण दांडा वर का येऊ लागला, हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींच्या मागच्या चाकांत ड्रम असतो. ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. पायाचा ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने आणि हँडब्रेक ओढला की केबलने, तेच शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमला घासतात. लायनर झिजले की शूला ड्रमपर्यंत जास्त अंतर जावे लागते. पायाच्या ब्रेकमध्ये हे चटकन कळत नाही, कारण गाडी थांबवण्याचा मोठा भार पुढच्या डिस्कवर असतो. हँडब्रेकचा दांडा मात्र लगेच वर येतो. मागच्या ब्रेकची पहिली सूचना तीच असते, आणि केबल ओढून आपण ती पुसून टाकतो.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. प्रमाणाबाहेर ताणलेल्या केबलमुळे शू पूर्ण मागे येत नाहीत, ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, ॲव्हरेज पडते, लायनर आणखी लवकर संपते. शिवाय झीज भरून काढणारा आतला ॲडजस्टर नीट काम करेनासा होतो. म्हणून आधी केबल सैल करावी, ड्रम उतरवावा, आतले साफ करावे, शूचे अंतर ॲडजस्टरवर जुळवावे आणि सर्वांत शेवटी केबलला हात लावावा. दांडा किती ‘कट’वर धरला पाहिजे, ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

शू बदलायची वेळ कधी? अनेक कंपन्या लायनरची जाडी 1 मिलिमीटर उरली की बदला असे सांगतात. व्हील सिलिंडर गळून ऑइल लायनरमध्ये मुरले असेल, तर जाडी कितीही असो, तो शू गेला. पॉलिश पेपर मारून, पेट्रोलने धुऊन तो परत बसवणे हा धोका आहे. गळतीही आधी बंद केली पाहिजे. शू दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. जुन्या, ढिल्या झालेल्या स्प्रिंगाही त्याच वेळी बदलाव्यात. ड्रमला कडा पडली असेल तर तो लेथवर टर्न करता येतो, पण आतला व्यास किती वाढू द्यायचा याची मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते. ती ओलांडली की नवा ड्रम.

मागे डिस्क असलेल्या काही मोठ्या गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या मधोमध वेगळे छोटे शू बसवलेले असतात. उभ्या गाडीला धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम, म्हणून ते झिजत नाहीत आणि म्हणूनच कधी उघडले जात नाहीत. त्यांना गंज खातो. लायनर पत्र्यापासून सुटून येते.

कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हा गंजच मोठा शत्रू. ओली गाडी हँडब्रेक ओढून बरेच दिवस उभी ठेवली की शू ड्रमला धरून बसतात. जागा सपाट असेल तर अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. वीट तिथे शोभते. उतारावर हँडब्रेक हवाच.

एका गोष्टीबद्दल मात्र मालकांनी स्वतःहून बोलले पाहिजे. ड्रम उघडला की आतली काळी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवायची, ही कित्येक गॅरेजांतली रीत आहे. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे आणि आपल्या देशात त्याच्यावर आजही सरसकट बंदी नाही. डोळ्यांनी पाहून लायनर कशाचे आहे ते कळत नाही. ती भुकटी ड्रमवर वाकलेल्या पोराच्या छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून ती ओली करावी, फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. याला वेळ जास्त लागतो, क्लीनरचा डबा लागतो. त्याचे पैसे बिलात लावा, असे काम देतानाच सांगावे, आणि ते घासाघीस न करता द्यावेत.