समुद्रकाठची उमेदवारी

बऱ्हाणपूरहून एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे पत्र आमच्याकडे आले आहे. घरची भाषा मराठी, वडील यंत्रमागावर कामाला, आणि समुद्र त्याने आजवर पाहिलेला नाही. तरीही डॉल्फिन आणि देवमासे यांच्या रक्षणाच्या एखाद्या मोहिमेत दोन महिने काम करावे, अशी त्याची इच्छा आहे. एका संस्थेकडे त्याने चौकशी केली, तेव्हा राहण्याजेवणाचा खर्च आणि वर ‘प्रशिक्षण शुल्क’ मिळून जो आकडा कळविण्यात आला, तो त्याच्या घरच्या महिन्याच्या मिळकतीहून मोठा निघाला. काम मी करायचे आणि पैसेही मीच भरायचे, हे कसे, असे तो विचारतो. या प्रश्नाचे उत्तर आपल्या किनाऱ्याने द्यावयाचे आहे.

बऱ्हाणपूरचा आणि देवमाशाचा संबंध काय, असे म्हणून कोणी हसेल. पण मुलताईस उगम पावलेली तापी बऱ्हाणपूरचे घाट धुऊन सुरतेखाली अरबी समुद्रालाच मिळते, आणि वाटेत तिच्यात जे जे टाकले जाते ते समुद्राच्या पदरात पडते. शिवाय डॉल्फिन मध्य प्रदेशाला परका नाही. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत देशातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आढळले. त्यांपैकी ९५ राजस्थान व मध्य प्रदेश या दोन राज्यांतले. ज्याच्या राज्यात चंबळ वाहते, त्या मुलाने या प्राण्याची ओढ बाळगावी यात नवल ते काय?

ज्याला आज सर्रास ‘इंटर्नशिप’ म्हणतात, त्याला आपल्याकडे उमेदवारी हा चांगला जुना शब्द आहे. पेढीवर उमेदवारी करणाऱ्या पोराला पगार थोडका असे, कधी नसेही. पण दोन वेळचे जेवण सुटे आणि धंदा हाती लागे. उमेदवाराने मालकालाच पैसे मोजावेत, ही रीत अलीकडची. तिचा परिणाम उघड आहे. ज्याच्या बापाला परवडते तोच समुद्राचा अभ्यासक होऊ लागतो, आणि दोन महिन्यांच्या अखेरीस ज्ञानापेक्षा प्रमाणपत्राचीच चिंता त्याला अधिक असते.

वस्तुतः हे काम मुळीच दिखाऊ नाही. तासन्‌तास होडीत बसावे, आणि पुष्कळदा काहीच न दिसता परतावे. दिसलाच तर डॉल्फिनच्या पाठीवरील पराचे छायाचित्र घ्यावे. त्या परावरच्या खाचा-ओरखड्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. आपल्या उथळ पाण्यातल्या बिनपराच्या शिंशुकाच्या बाबतीत ही सोयही नाही. किनाऱ्याला लागलेल्या कुजक्या देहाची लांबी मोजावी, नर की मादी ते पाहावे, जाळ्याचे वळ आहेत का ते नोंदवावे. सहलीच्या बोटीतून डॉल्फिन दाखवून पैसे घेणाऱ्यांना यातले काही करावे लागत नाही!

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले. ग्रामस्थ, मच्छीमार, वनखाते अशा अनेकांनी जवळजवळ ४० तास झुंज देऊन त्याला खोल पाण्यात नेले. परंतु लवकरच ते मृतावस्थेत पुन्हा किनाऱ्यास लागले. त्या माणसांच्या कष्टांत काही उणे होते असे आम्ही म्हणत नाही. पाण्याबाहेर आलेला देवमासा स्वतःच्याच भाराखाली चेंगरत असतो, आणि त्याला वाचविणे जाणकारांनाही कठीण जाते. तथापि अशा वेळी कातडी ओली ठेवायची, डोक्यावरचे श्वासछिद्र मोकळे ठेवायचे, शेपटीला धरून ओढायचे नाही, गर्दी दूर सारायची, एवढे ज्ञान तेथे पहिल्या तासात हजर असावे लागते. पहिल्या तासात तेथे कोण असते? पुण्या-मुंबईचा संशोधक नव्हे, तर पहाटे जाळे घेऊन निघालेला गाबीत, खारवी किंवा कोळी.

आणि नेमका हाच माणूस या मोहिमांत पाहुण्यासारखा असतो. त्याच्या होडीतून फिरायचे, त्याला प्रश्न विचारायचे, आणि अहवालात ‘स्थानिकांचे सहकार्य लाभले’ एवढ्या एका ओळीत त्याची बोळवण करायची. तो अहवालही इंग्रजीत; गावाच्या मच्छीमार सोसायटीत त्याची प्रत आम्ही तरी कधी पाहिली नाही. डॉल्फिन जाळे फाडतो, जाळ्यातला मासा पळवतो, ही त्याची तक्रार खोटी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला अभय दिले. जाळ्याचे काय, याचा विचार व्हायला मात्र फार वर्षे लागली. संरक्षित जीव सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ च्या अखेरीस आणली. ती आणणाऱ्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. हवा घेण्यासाठी वर येऊ न शकल्याने जाळ्यात गुदमरणारा डॉल्फिन वाचवायचा, तर त्याच्या जवळ पोहोचणाऱ्या एकमेव माणसाला आपल्या बाजूस घेतलेच पाहिजे.

यात पैशाचाही प्रश्न आहे. मासेमारीत सागरी सस्तन प्राण्यांची किती हानी होते, याचा हिशेब निर्यातदार देशांकडे मागण्याचा नियम अमेरिकेने २०१६ मध्ये केला. म्हणजे ही मोजदाद आता केवळ हौशी निसर्गप्रेमींची राहिलेली नाही; तिच्यावर बंदरातल्या धंद्याचा भाव अवलंबून आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही मोहिमेला उमेदवाराकडून शुल्क घेण्याची मुभा असू नये. वनखात्याने आणि मत्स्यखात्याने मिळून पोटापुरते विद्यावेतन द्यावे. निम्म्या जागा मच्छीमारांच्या मुलामुलींना, उरलेल्या बऱ्हाणपूर असो की भंडारा, कोठूनही येणाऱ्यांना. दोघांनी एका होडीत बसावे. एकाला पाणी कळते, दुसऱ्याला कदाचित टाचण ठेवता येते. टाचण मराठीत असावे, आणि वर्षाअखेर ते सोसायटीत मोठ्याने वाचले जावे. चुका दुरुस्त करायला तेथे माणसे पुष्कळ निघतील.

जून आणि जुलै हे यांत्रिक मासेमारीच्या बंदीचे महिने. होड्या शाकारलेल्या असतात, पोरे रिकामी असतात, महाविद्यालयांची सुट्टीही पुरती सरलेली नसते. मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पहिला वर्ग तेथे येत्या बंदीत भरविण्यास दोन्ही खात्यांना कोणती अडचण आहे, ते त्यांनी जाहीर करावे.