‘फोर्ट स्टिकिन’ आणि तांबडें निशाण

युद्धांतील जहाज म्हटलें म्हणजे तोफा आणि पाणबुड्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ज्या जहाजामुळें दुसऱ्या महायुद्धांत मुंबई शहराची सर्वांत मोठी हानि झाली, त्यावर शत्रूनें एकही गोळा टाकला नव्हता. तें जहाज म्हणजे ‘फोर्ट स्टिकिन’.

युद्धाच्या ऐन धामधुमींत, १९४२ सालीं, कॅनडांतील प्रिन्स रुपर्ट येथें हें मालवाहू जहाज बांधलें गेलें. फेब्रुवारी १९४४ मध्यें तें सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा घेऊन इंग्लंडांतून निघालें. वाटेंत कराचीस त्यांतच कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी, वंगणाच्या तेलाचीं पिंपें, लाकूड व गंधक भरण्यांत आलें. १२ एप्रिल रोजीं तें मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीस लागलें. १४ तारखेस दुपारीं कापसाला आग लागल्याचें दिसलें. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही नोंदला गेला. शेंकडों माणसें मेलीं, सुमारें ८०,००० बेघर झालीं. जहाजाची कारकीर्द पुरतीं दोन वर्षेंही टिकली नाहीं.

युद्धकाळीं जहाजें थोडीं व माल फार, म्हणून एकत्र ठेवूं नये तो माल एकत्र ठेवावा लागला, असें समर्थन कोणी करतील. आमच्या बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्यास तें पटणार नाहीं. कापसाच्या ढिगाजवळ चिलीम पेटवूं नये, दाबलेल्या कापसांतला विस्तव आंतल्या आंत धुमसतो आणि वरून ओतलेलें पाणी तेथवर पोंचत नाहीं, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. पण क्षणभर ही सबब खरी मानूं. तरी एक प्रश्न उरतोच. स्फोटक माल दर्शविणारें तांबडें निशाण त्या जहाजावर नव्हतें. निशाण उभारण्यास कोणती टंचाई आड आली? तें नसल्यामुळें शेजारच्या हमालांस व खलाशांस सावध होण्याचें साधनच उरलें नाहीं.

आग विझवितांना मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जण प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो, हें योग्यच आहे. मात्र शूरांची स्तुति करून आपण मोकळे होऊं नये. ज्या हलगर्जीपणामुळें शूरांना मरावें लागतें, तो न होऊं देणें हीच त्यांना खरी आदरांजली, असें आमचें मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेंतील बाटलीवरची चिठ्ठी फाडूं नका. पालकहो, घरांत कापूस आणि रॉकेल एके ठिकाणीं ठेवूं नका. धोका ज्यास ठाऊक आहे, त्यानें तो ठाऊक नसणाऱ्यास वेळींच सांगितला पाहिजे. तांबडें निशाण म्हणजे एवढेंच. आणि तें उभारण्याचें काम लहानथोर कोणासही चुकलेलें नाहीं.