कच्ची शिलाई, पक्की चिप

चांगला शिंपी थेट पक्की टीप मारत नाही. आधी कच्ची शिलाई घालतो, कपडा अंगावर चढवून बघायला लावतो, मगच मशीन चालवतो. दोस्तांनो, चिपच्या दुनियेतली कच्ची शिलाई म्हणजे एफपीजीए, अर्थात फील्ड प्रोग्रामेबल गेट अ‍ॅरे.

त्यात हजारो छोटे लॉजिक ब्लॉक असतात. ते एकमेकांना कसे जोडायचे, हे तुम्ही व्हेरिलॉगमध्ये लिहायचं. फाइल लोड केली की तीच चिप आज मोटारीचा कंट्रोलर, उद्या छोटा प्रोसेसर! चुकलं तर कोड सुधारा, पुन्हा लोड करा. सिलिकॉनवर उतरलेली चूक मात्र खोडता येत नाही. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारात खोट सापडली आणि चिपा बदलून देण्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. एफपीजीएवर सगळ्याच चुका सापडतात असं नाही. चाचणी कसून घ्यावीच लागते. पण ती घ्यायला परवडतं, हे महत्त्वाचं.

माधवनगरहून चिपचा कारखाना लांबच. आयआयटी मुंबईच्या ‘अजित’ प्रोसेसरचं सिलिकॉनसुद्धा मोहालीत तयार झालं. पण कच्च्या शिलाईला कारखाना लागत नाही. टेबल, लॅपटॉप आणि बोर्ड एवढं पुरतं. २०२० च्या स्वदेशी मायक्रोप्रोसेसर चॅलेंजमध्ये विद्यार्थ्यांना ‘शक्ती’ आणि ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर एफपीजीए बोर्डवरच वापरायला दिले होते.

मग आपलं अडतं कुठं? बोर्ड लॅबच्या कपाटात असतो. प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेर येतो, एलईडी लुकलुकतो, जर्नलवर सही होते, पुन्हा कुलूप. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट मात्र रेडीमेड विकत! बोर्ड महाग आहे, जळेल, ही सरांची भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय कुलूप नाही, इश्यू रजिस्टर आहे. लायब्ररीचं पुस्तक आठवडाभर घरी मिळतं, तसा बोर्डही चौघांच्या ग्रुपला सहीवर मिळायला हवा.

हे मागायचं तुम्हीच. नुसता अर्ज नको, सोबत एका पानावर डिझाइन न्या. कुपवाड एमआयडीसीत एक चक्कर मारलीत, तर कंट्रोलर हवा असलेलं एखादं मशीन सापडेलच. बोर्ड हातात येईपर्यंत इकारस व्हेरिलॉग फुकट आहे, त्यावर सिम्युलेशन करून ठेवा. डिझाइन तयार असलेल्या ग्रुपला ‘नंतर बघू’ म्हणणं कुठल्याही एचओडींना जड जाईल.