तिठ्यावरचे गिऱ्हाईक



तीन वाटा जिथे एकत्र येतात त्या जागेला आमच्या सिंधुदुर्गात तिठा म्हणतात. महामार्गालगतच्या आमच्या बहुतेक पेठा अशा तिठ्यांच्या आश्रयानेच वाढल्या. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता उत्तर-दक्षिण धावतो आणि घाटमाथ्यावरून समुद्राकडे उतरणारे रस्ते त्याला ठिकठिकाणी मिळतात. तळेऱ्याला गगनबावड्याची वाट येते, नांदगावला देवगड-निपाणी रस्ता आडवा जातो, कसालहून मालवणचा फाटा फुटतो. प्रवासी जिथे गाडी बदलण्यासाठी खोळंबतो, तिथे आधी चहाचे दुकान निघते, मग किराण्याचे, आणि पाहता पाहता बाजार उभा राहतो. कणकवलीची पेठ याच रीतीने मोठी झाली.

आमचे आजोबा निपाणीकडून फोंडा घाट उतरून इथे आले. वरून गूळ आणि मिरची आणावी, खालून आमसूल, सुपारी आणि नारळ न्यावा, असा त्यांचा व्यवहार. पुढे त्यांनी रस्त्याला लागून कौलारू दुकान थाटले. दुकानापासून जवळच आज अप्पासाहेब पटवर्धनांच्या नावाचा चौक आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अप्पासाहेबांनी १९४८ साली शेजारच्या वागद्याला गोपुरी आश्रम स्थापन केला आणि सफाईचे काम स्वतःच्या हातांनी केले. त्यांच्याविषयी आजोबा फार आदराने बोलत.

आजोबांच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाइकांची नोंद गावावार असे. नावापुढे आडनाव क्वचितच; गाव, वाडी आणि घराची खूण मात्र हमखास. “चतुर्थेक चाकरमानी येतले, तेव्हा देतलंय, शेटानू,” एवढ्या शब्दावर तांदळाची गोण घरी जाई. गणेशचतुर्थीला मुंबईहून मुलगा आला की बहुतेक रक्कम चुकती होई. जी होत नसे, त्यातली काही खाती आजोबा क्षमावाणीच्या दिवशी आडवी रेघ मारून बंद करीत आणि त्याची वाच्यता घरातही करीत नसत.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. मालवणला आणि गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या चौकात थांबू लागल्या. काजूगर, कोकम सरबत, आंबापोळी यांना मागणी आली. तोवर दुकान माझ्याकडे आले होते. मी पुढचा भाग पर्यटकांसाठी सजवला आणि किराणा मागच्या बाजूला सारला. गाडीतून उतरणारा मनुष्य पुन्हा येणार नाही, या हिशेबाने त्याला एक भाव आणि गावकऱ्याला दुसरा, अशी सवय मला लागली. गर्दीच्या दिवसांत गावकऱ्याला थांबवून ठेवणेही ओघाने आले. उधारी तर मी बंदच केली. विक्री वाढत होती, त्यामुळे यात काही चुकते आहे असे कधी वाटले नाही.

पुढे महामार्गाचे चौपदरीकरण आले. दुकानाची पुढची पडवी रस्त्यात गेली. शहरातून खांबांवर उड्डाणपूल उभा राहिला. आता गोव्याच्या गाड्या आमच्या छपरापेक्षा उंचावरून जातात. खाली सेवारस्ता आहे, रिक्षा आहेत, पुलाच्या सावलीत उभी केलेली वाहने आहेत; पण पूर्वीचे ते थांबणे नाही. पहिल्या मे महिन्यातच गल्ल्यात फरक दिसला. मुलगा म्हणाला, “बाबा, हे दुकान विकू आणि पूल जिथे उतरतो तिथे जागा घेऊ.” त्याचे गणित चुकीचे नव्हते. मी त्याच्याकडे काही दिवस मागून घेतले.

त्या दिवसांत एकदा आम्ही दोघे खारेपाटणला दर्शनाला गेलो. तिथले जिनमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गाव आज शांत आहे; पण एके काळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबते तिथवर येत. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट तिथे सापडला. परदेशाहून येणाऱ्या जहाजांकडून घ्यावयाच्या सुवर्णाचा उल्लेख त्यात आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते यायची थांबली, व्यापार दुसरीकडे गेला. मुलगा नदीकडे पाहत म्हणाला, “म्हणजे यांच्याही डोक्यावरून पूलच गेला की!” मला हसू आले, पण परतताना दुसरेच गाव आठवत राहिले.

झाराप ते पत्रादेवी हा नवा मार्ग झाला तेव्हा महामार्गाने सावंतवाडी शहर बाजूला टाकले. तरीही मोती तलावाकाठचा तो बाजार चालतो आहे. चितारआळीतली लाकडी खेळणी घेण्यासाठी माणूस वाट वाकडी करून जातो आणि आसपासच्या गावांचा बाजारहाट तिथेच होतो. मग आमच्याकडे वाट वाकडी करून कोण येईल, असा विचार मनात आला. पडवी पाडण्यापूर्वी माळा रिकामा करताना आजोबांच्या वह्या निघाल्या होत्या. त्या मी उघडल्या आणि गावे मोजली. ती सत्तावीस भरली. त्यांतल्या किती गावांचे माणूस आज आमच्या दुकानात येते, ते मोजायला एका हाताची बोटे पुरली.

वाचकहो, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. पुलाने आमच्याकडून वाटसरू नेले. गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी आधी गेले होते आणि त्याला मीच घालवले होते. पुलाच्या टोकाला नवे दुकान घेतले असते, तरी हा दोष सामानाबरोबर तिथेही आला असता.

आम्ही दुकान विकले नाही. किराणा पुन्हा पुढे आणला. सर्वांना एकच भाव, आणि तो फळ्यावर लिहिलेला. आठवड्याच्या बाजाराला बायका माळवे घेऊन येतात. त्यांना पाटी टेकायला आणि पाणी प्यायला पायरीवर जागा ठेवली. मुलगा मोटारसायकलवरून वाड्यांमध्ये माल पोचवतो. उत्पन्न पूर्वीइतके नाही, आणि दुकान टिकेलच असे आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

पहिल्या पावसाळ्यात एक वृद्ध बाई आल्या. त्यांच्या सासऱ्यांचे खाते आजोबांच्या वहीत होते. सामान बांधून दिले, पाटीला हात लावला, तेव्हा म्हणाल्या, “शेटानू, इली काय आता आमची आठवण?” त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गेल्या दिवाळीत, निर्वाणदिनी, आम्ही वहीपूजन केले. हिशेब आता संगणकावर असतो, तरी मुलाने एक लाल वही आणली होती. पहिल्या पानावर त्याने गावांची नावे लिहिली. अकरा झाली. उरलेल्या सोळांसाठी त्याने खाली जागा सोडली आहे.