विसरवाडीत जमीन घेऊ नका

राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे जुना सहा नंबर, कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडीला येतो. पुढे नवापूर, मग गुजरातची हद्द. इथूनच एक रस्ता नंदुरबार, शहादा, खेतियाकडे फुटतो. बाजार, गॅरेज, पंक्चरवाले, ढाबे, सगळे हाताशी. ज्यांचे बिऱ्हाड आता गाढवावर किंवा बैलगाडीत नसून छोट्या हत्तीच्या हौद्यात असते, अशा घिसाडी, वैदू, गोपाळ, डवरी गोसावी कुटुंबांना हे ठिकाण सोयीचे वाटले तर नवल नाही. दहा-बारा बिऱ्हाडांनी वर्गणी काढावी, रस्त्यालगत वीसेक गुंठे घ्यावेत, गाड्या लावाव्यात, म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे तिथे ठेवावीत आणि कोणी विचारले तर पत्ता म्हणून तीच जागा सांगावी, हा विचार भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात आहे. विचार चांगला आहे. विसरवाडी त्यासाठी चुकीची जागा आहे, आणि जागा बरोबर निवडली तरी कागद चुकण्याची शक्यता मोठी आहे.

आधी जागेचे. नवापूर तालुका 1985च्या आदेशाप्रमाणे संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. इथली बहुतेक शेतजमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम 36-अ सांगते, की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी आणि त्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता हवी. पारधी कुटुंबे अनुसूचित जमातीत मोडतात, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्या भटक्या जमाती या कलमापुरत्या बिगरआदिवासीच. फाट्यावरचा दलाल मात्र हे सांगत नाही. तो साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र पुढे करतो, किंवा ‘एखाद्या ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर घ्या, ताबा तुमचा’ असा सल्ला देतो. अशा व्यवहाराची चौकशी लागली की जमीन शासनजमा होते आणि पुढे मूळ मालकाकडे जाते. पैसे देणारा हात चोळत बसतो.

बिगरआदिवासी खातेदाराची जमीन मिळते, हे खरे. तिथेही फेरफार मागे जाऊन पाहावे लागतात. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात ती आदिवासीकडून आली असेल, तर 1974च्या जमीन परत देण्याच्या कायद्याची छाया तिच्यावर आहे. आजचा सातबारा कोरा आणि स्वच्छ दिसला म्हणून हुरळून जाऊ नये.

कायदा बाजूला ठेवला तरी आमचा आक्षेप उरतोच. याच तालुक्यातली आणि शेजारच्या साक्रीतली आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोली-सुरतेकडच्या साखर कारखान्यांच्या उसात जातात आणि पुढचे काही महिने पडावावर, ताडपत्रीखाली काढतात. घरची जमीन पोटाला पुरत नाही म्हणून. त्यांच्याच जमिनीतले वीस गुंठे घेऊन आपण एका कुटुंबाला ठाव द्यायचा आणि दुसऱ्याला कायमचे पडावावर पाठवायचे, हे काम आपल्या चळवळीचे नाही.

मग ठाव कुठे घ्यायचा? ज्या जिल्ह्यात कुटुंबाची मुळे कागदावर सापडतात तिथे. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा ज्या गावच्या शाळेत, जन्म-मृत्यू नोंदीत किंवा जुन्या पोलिस रजिस्टरात निघतो, त्या गावाच्या आसपास जमीन असली तर पुढच्या पिढीची निम्मी पायपीट वाचते. आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणी बोलत नाही: माती. नाथपंथी समाजांत मृताला दहन न करता समाधी देतात. परक्या गावात मयत झाली की प्रेत घेऊन दारोदार विनवण्या कराव्या लागतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. तळाच्या जागेसोबत दफनभूमीचा प्रश्न ग्रामपंचायतीकडे त्याच दिवशी मांडायला हवा.

शासनाची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना 2011 पासून आहे. एक हेक्टरवर 20 कुटुंबांची वसाहत, प्रत्येकी 5 गुंठे, 269 चौरस फुटांचे घर, उरलेल्या जागेवर उपजीविकेची सोय, पती-पत्नी दोघांची नावे, आणि भूखंड विकता किंवा भाड्याने देता येणार नाही अशी अट. आराखडा म्हणून हा उत्तम आहे, आणि स्वतः जमीन घेणाऱ्यांनीही तो समोर ठेवावा. पण लाभार्थी गावोगाव भटकून पोट भरणारा असावा आणि त्याने वर्षातले किमान 6 महिने एका ठिकाणी राहिलेले असावे, या दोन्ही अटी एकाच कागदावर आहेत. त्या दोन्ही खऱ्या करून दाखवताना कार्यकर्त्याची दमछाक होते. म्हणूनच वर्गणीच्या जमिनीची कल्पना पुन्हा पुन्हा वर येते.

वर्गणीची जमीन सहसा पुढाऱ्याच्या नावावर होते. तो लिहिता-वाचता येणारा असतो, तलाठ्याशी बोलू शकतो, बाकीचे आठ महिने रस्त्यावर असतात. तो प्रामाणिक असला तरी एक दिवस मरतो, आणि वारसनोंदीत त्याच्या मुलांची नावे चढतात, वर्गणीदारांची नाहीत. दुसरा मार्ग सगळ्यांची नावे सातबाऱ्यावर सामाईक लावण्याचा. तिथे प्रत्येकाला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. अडचणीत सापडलेला एक जण तो सावकाराला देतो आणि तळाच्या मध्ये परका माणूस येऊन बसतो. शिवाय 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे, बागायतीचे 10 गुंठे. म्हणजे 20 गुंठे जिरायत एकत्र घेता येते, पण तिचे बारा तुकडे करून बारा खाती होत नाहीत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम 63 खाली परवानगी लागते, ते आणखी वेगळे. आमचे मत स्पष्ट आहे: महाग पडली तरी बिनशेती झालेलीच जमीन घ्या.

न्यासाच्या नावावर घेतली तर एक मोठे कुलूप मिळते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 मुळे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. मात्र त्यात बिऱ्हाडे मालक न राहता लाभार्थी होतात, आणि विश्वस्त बहुधा आपण कार्यकर्तेच असतो. हे आम्हाला पटत नाही. कुणाच्या तरी दयेवर राहण्याचा अनुभव या माणसांना नवा नाही.

राहते सहकारी गृहनिर्माण संस्था. कटकटीची आहे, लेखापरीक्षण आहे, निबंधकाची दारे आहेत. तरी मालकी संस्थेची, वापराचा हक्क सभासदाचा, ही रचना फिरत्या कुटुंबांना जितकी जुळते तितकी दुसरी कुठलीच नाही. अमेरिकेत गाडीतच राहणाऱ्यांचा एस्केपीज नावाचा क्लब 1978 पासून आहे. त्याच्या सभासदांनी सहकारी तळ काढले. तिथे जागा सोडणारा ती खुल्या बाजारात विकत नाही. हक्क संस्थेकडे परत येतो आणि यादीतल्या पुढच्याला मिळतो. निवृत्त, पेन्शन असलेली माणसे ती. त्यांची आणि आपली परिस्थिती एक नाही. नियम मात्र उचलण्यासारखा आहे.

उपविधी करताना तीन-चार ठिकाणी खास आपल्या लोकांचा विचार करावा लागेल. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. ही तारीख आपल्याला सोयीची आहे, कारण पावसाळ्यात बिऱ्हाडे तळावरच असतात. भाद्रपदातच सभा उरकून घ्या, दसऱ्यानंतर गणसंख्या मिळणार नाही. जो वर्षभर आला नाही त्याचा भूखंड रिकामा समजू नये. भटक्यांच्या संस्थेत ‘प्रत्यक्ष राहत नाही’ हे काढून टाकण्याचे कारण होऊच शकत नाही. सभासदत्व बाईच्याही नावाने असावे. नवरा दुसरे घर करून निघून गेला तर पोरांसह तळावर राहते ती तीच.

आणि जात पंचायत. मढीच्या यात्रेत कानिफनाथांच्या गडाच्या पायथ्याशी कितीतरी समाजांच्या पंचायती भरत आल्या, निवाडे झाले, माणसे वाळीत पडली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016चा कायदा आहे, पण तळावर कायद्याआधी पंच पोचतात. जमीन आली की पंचांच्या हातात नवे हत्यार येते: दंड भर, नाहीतर जागा सोड. पंचांच्या निवाड्याचा सभासदत्वाशी काहीही संबंध राहणार नाही, हे वाक्य उपविधीत असलेच पाहिजे, आणि पहिल्या सभेत ते मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. काही जुनी मंडळी नाराज होतील. होऊ द्यावीत.

खरेदीखत झाले म्हणजे राहता येते, असेही नाही. इंग्लंडात 1968च्या कायद्याने फिरत्या लोकांसाठी तळ देणे स्थानिक परिषदांना बंधनकारक केले होते. 1994 मध्ये ते बंधन काढून टाकले आणि ‘स्वतःची जमीन घ्या’ असे सांगण्यात आले. एसेक्समधल्या डेल फार्मला आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबांनी जमीन घेतलीही. एका भागाला परवानगी होती, दुसऱ्याला नव्हती. वर्षानुवर्षे खटला चालला आणि ऑक्टोबर 2011 मध्ये पोलिसांनी तो दुसरा भाग रिकामा केला. मालक तेच होते. आपल्याकडे बिनशेती वापर, ग्रामपंचायतीची नोंद, पाणीजोडणी आणि वीजमीटर हे चार कागद हातात येईपर्यंत तळावर पक्की वीट ठेवू नये.

कुणी म्हणेल, एवढे केले म्हणजे भटकंती थांबेल. थांबावी अशी आमची अपेक्षा नाही. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात माणसे कोंडली गेली, 31 ऑगस्ट 1952 रोजी ती सुटली. एप्रिल 1955 मध्ये चितोडगडावर खुद्द पंडित नेहरूंनी गाडी लोहारांना त्यांची घर करून न राहण्याची जुनी शपथ संपल्याचे सांगून गडात नेले, तरी त्यांच्या गाड्या राजस्थान-दिल्लीच्या रस्त्यांवर पुढेही दिसत राहिल्या, कारण धंदा रस्त्यावरच होता. जमीन हवी ती परत येण्यासाठी.

विसरवाडी मग कशासाठी? थांब्यासाठी. ठाव स्वतःचा, विकत घेतलेला असावा, थांबा गावाच्या संमतीने मिळालेला असावा, आणि या दोन गोष्टी आपण एकमेकींत मिसळू नयेत. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावाने मारून टाकले. त्यातली बहुतेक माणसे सोलापूर जिल्ह्यातली होती. नवापूर तालुका तिथून लांब नाही. या भागात थांबणाऱ्या बिऱ्हाडाला सातबाऱ्यापेक्षा ओळख अधिक लागते: ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘अमुक इतकी कुटुंबे, अमुक धंदा, अमुक महिने इथे थांबतात’ अशी नोंद, पोलिस पाटलाला माहिती आणि तळावरच्या दोघांचे मोबाइल नंबर सरपंचाकडे. गावानेही आपली भीती तिथेच, सभेत बोलून दाखवावी. ती बाजारात बोलली गेली की काय होते ते आपण पाहिले.

त्यासाठी खरेदीची गरज नाही. आदिवासी खातेदाराची जमीन 5 वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, शासनापर्यंत जावे लागत नाही. भाडे खातेदाराच्या घरात जाते आणि जमीन त्याचीच राहते. पाच वर्षांनी पटले नाही तर दोन्ही बाजू मोकळ्या. जागा निवडताना नदीकाठ टाळा. ऑगस्ट 2018 मध्ये रंगावलीने नवापुरात काय केले ते तिथल्या लोकांना विचारा. भटक्यांना फुकट मिळणारी पड जागा नेमकी नदीच्या पात्रातली असते. पाण्याचा एक नळ, बायकांसाठी दोन शौचालये, रात्रीचा एक दिवा आणि गाड्या मुरमावर उभ्या राहतील एवढी जागा, यापलीकडे ग्रामसभेकडच्या अर्जात काही मागू नका. अर्ज दिवाळीनंतर करून उपयोग नाही, तोवर निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला असतो आणि ग्रामसभेला माणसे नसतात. तो पावसाळ्यात द्या, गावातली सगळी घरे उघडी असताना, आणि द्यायला कार्यकर्त्याने एकट्याने जाऊ नये. ज्यांना थांबायचे आहे त्यांच्यातले चार जण, त्यात दोन बाया, सभेत समोर बसलेले असावेत.