खंजीर, टोपी आणि चेहरा

खिशातलं नाणं काढून आपण त्याच्याकडे कधी नीट बघतो का? छापा की काटा करायचं असेल तेव्हाच! दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमची गोष्ट वेगळी होती. वर्तमानपत्रं नव्हती. सत्ताधाऱ्याला जे सांगायचं असे, ते नाण्यावरून घरोघरी पोचे.

रोममध्ये एक दंडक होता. नाण्यावर देव असावेत, पूर्वज असावेत, पण हयात माणसाचा चेहरा नसावा. तो मान राजाचा, आणि रोमनांना राजा नको होता. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलिअस सीझरने हा दंडक मोडला. तहहयात सर्वाधिकारी झालेल्या सीझरची मुद्रा नाण्यांवर झळकली. त्याच वर्षी १५ मार्चला भर सभेत त्याचा खून झाला. मारेकऱ्यांचा एक म्होरक्या होता ब्रूटस.

ब्रूटस पुढे पूर्वेकडे गेला. सैन्य जमवलं. सैनिकांच्या पगारासाठी त्याने सोन्याचांदीची नाणी पाडली. त्यातलं एक फार गाजलं. त्यावर दोन खंजीर आहेत, मधे एक टोपी आणि खाली १५ मार्चची तिथी. गुलामाला मुक्त करताना तशी टोपी घालत. अर्थ उघड होता : या खंजिरांनी आम्ही रोमला मुक्त केलं!

आता नाणं उलटा. दुसऱ्या बाजूला चेहरा आहे खुद्द ब्रूटसचा. हयात ब्रूटसचा! सीझर राजा होऊ पाहतो म्हणून ज्याने त्याला मारलं, त्यानेच पुढे सीझरचा कित्ता गिरवला. इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत हरल्यावर ब्रूटसने आत्महत्या केली. पुढे रोममध्ये सम्राट आले आणि नाण्यांवर त्यांचे चेहरे कायमचे बसले.

हे नाणं सोन्यात अतिशय दुर्मिळ. वजन सुमारे ८ ग्रॅम. २०२० साली लंडनच्या लिलावात असं एक नाणं ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. नंतर उघड झालं की त्याच्या मालकीचा इतिहास बनावट होता. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या तपास अधिकाऱ्यांनी ते ग्रीसला परत केलं.

सोनं अजून तसंच चमकतं आहे. ब्रूटसला जगाला खंजीर आणि टोपी दाखवायची होती. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र त्याच सोन्यावर त्याच्याविरुद्ध साक्ष देत राहिला आहे.