डबा न उघडता दळण

"तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे, काळजी करू नका." कुठलंही सरकारी पोर्टल उघडा, कुठलंही अ‍ॅप उघडा, हे वाक्य असतंच. खोटं नसतं ते, पण अर्धं असतं. डेटा पाठवताना कुलपात असतो, साठवलेला असतानाही कुलपात असतो. मात्र त्यावर काही काम करायचं म्हटलं, साधी बेरीज का असेना, की सर्व्हरवर कुलूप काढावं लागतं. डोकावायला वाव मिळतो तो तेव्हाच. "जरा ती यादी व्हॉट्सअ‍ॅपला टाक ना" हेही तेव्हाच शक्य होतं.

आता समजा, गिरणीवाल्याला डबा कुलूप लावून दिला, त्याने तो न उघडता दळला, आणि घरी येऊन आपण कुलूप काढलं तर आत पीठ! गंमत वाटेल, पण गणितात हे जमतं. त्याला होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन म्हणतात. अगदी बाळबोध रूप सांगतो. माझ्याकडे ७ आणि १२ हे आकडे आहेत. मी त्यांत माझ्या मनातले १००० आणि २००० मिळवून तुम्हाला १००७ आणि २०१२ दिले. तुम्ही बेरीज करून ३०१९ परत दिलात. मी ३००० वजा केले, उत्तर १९. बेरीज तुम्ही केलीत, पण आकडे तुम्हाला कळलेच नाहीत.

ही कल्पना १९७८ ची. रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टूझोस या तिघांनी ती मांडली. पुढची तीस वर्षं काही पद्धतींत नुसती बेरीज जमायची, काहींत नुसता गुणाकार. दोन्ही, आणि हवे तितक्या वेळा, हे २००९ मध्ये क्रेग जेन्ट्रीने स्टॅनफर्डच्या प्रबंधात करून दाखवलं. पुढे या कामासाठी २०२२ चं गोडेल पारितोषिक जेन्ट्री आणि ब्राकर्स्कीसोबत आपल्या आयआयटी मद्रासमधून शिकलेल्या विनोद वैकुंठनाथन यांना मिळालं.

मग अडलंय कुठे? वेगात. सुरक्षेसाठी प्रत्येक कुलूपबंद आकड्यात मुद्दाम थोडी भेसळ, म्हणजे नॉइज, घातलेली असते. बेरजेने ती थोडी वाढते, गुणाकाराने भराभर वाढते. मर्यादेबाहेर गेली की कुलूप उघडल्यावर उत्तरच चुकीचं निघतं. म्हणून मध्येच ती भेसळ उतरवावी लागते, तीही डबा न उघडता. या कामाला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात आणि तेच सगळ्यात महाग. २०११ मध्ये जेन्ट्री आणि हालेवी यांनी प्रत्यक्ष करून पाहिलं तेव्हा एका खेपेला ३० सेकंदांपासून ३० मिनिटांपर्यंत वेळ लागत होता, आणि सार्वजनिक चावीच २.३ जीबीपर्यंत जात होती. पण २०१५ मध्ये, एकेका बिटपुरतं का होईना, हे काम एका सेकंदाच्या आत आलं. २०१६ मध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. अमेरिकेच्या डार्पाने २०२१ मध्ये यासाठी खास चिप बनवायचा कार्यक्रमही सुरू केला.

चिप येतील तेव्हा येतील. मला मात्र वाटतं, वेगाचा निम्मा प्रश्न यंत्राचा नाहीच, प्रश्न विचारणाऱ्याचा आहे.

आरोग्य खात्याचं कल्पित उदाहरण घेऊ. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लोकांची उपाशीपोटी साखर तपासली. जिल्हा कार्यालयाला फक्त एवढंच हवंय, की १२६ किंवा त्याहून जास्त साखर असलेले किती. सगळे आकडे कुलपात घालून वर पाठवले, तर प्रत्येक आकड्याची १२६ शी तुलना करावी लागेल. साध्या संगणकाला तुलना म्हणजे काहीच नाही. पण ज्या पद्धतींना मुळात बेरीज आणि गुणाकारच येतात, त्यांना तुलनेसाठी गुणाकारांची मोठी रांग लावावी लागते. म्हणजे भेसळ वाढली, बूटस्ट्रॅपिंग आलं, वेळ गेला.

आता हेच उलटं करा. तुलना केंद्रातच करा, तिथे आकडा उघडाच असतो. १२६ किंवा जास्त असेल तर १, नसेल तर ०. कुलपात घालून पाठवायचा तो हा १ किंवा ०. जिल्ह्यात उरते फक्त बेरीज, आणि कुलूपबंद बेरीज आजही साध्या सर्व्हरला झेपते. त्यातही एका कुलपात एकच आकडा घालायची गरज नाही. काही पद्धतींत एका कुलपात ८,१९२ किंवा १६,३८४ आकडे बसतात आणि एका बेरजेत सगळ्यांचं काम होतं. एसटी एका प्रवाशासाठी सोडली काय किंवा भरून सोडली काय, डिझेल जवळपास तेवढंच. 'हे फार स्लो आहे हो' म्हणणारे बऱ्याचदा रिकामी एसटी पळवून हिशेब मांडत असतात.

पण यासाठी एक अट आहे. काय विचारायचं हे आधी ठरवावं लागतं. 'आधी सगळं गोळा करू, मग बघू काय काय निघतंय' ही आपल्याकडची लाडकी पद्धत इथे चालत नाही. डेटा चाळून बघता येत नाही. यादीत एक नाव शोधायचं तरी सर्व्हरला सगळी यादी पिंजावी लागते, कारण मध्येच थांबला तर नाव कुठे सापडलं हे त्याला कळेल! प्रश्न जितका नेमका, तितकं गणित स्वस्त. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती घेताना नेमका हेतू सांगा आणि लागेल तेवढाच डेटा घ्या म्हणतो, ते याहून फार वेगळं नाही. फरक इतकाच, की कायद्यात सरकारसाठी सवलती आहेत, गणितात नाहीत. ज्या कार्यालयाला स्वतःला काय हवंय हेच माहीत नाही, त्याला ही पद्धत कायम स्लोच वाटणार.

हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे असंही नाही. २०२४ पासून आयफोनमध्ये अनोळखी नंबर कोणाचा हे सर्व्हरला नंबर न कळू देता विचारायची सोय याच गणितावर चालते. प्रश्न छोटा, आधी ठरलेला, म्हणून परवडतो. (त्याच कंपनीने फोटोतली ठिकाणं ओळखणारी अशीच सोय न विचारता चालू ठेवली म्हणून टीकाही झाली, आणि ती रास्त होती. कुलूप चांगलं असलं तरी परवानगी लागतेच.)

आता कोणी म्हणेल, मग टेंडरमध्ये 'होमोमॉर्फिक' शब्द घातला की झालं. नाही झालं. चावी कोणाकडे, हे आधी विचारा. हिशेब करणाऱ्याकडेच चावी असेल तर सगळं नाटक आहे. वाडीत तपासलेला माणूस एकच असेल तर बेरीजच त्याची साखर सांगून टाकते, तिथे कुलूप काही करू शकत नाही. आणि प्रत्येक कामाला हे लावायचा हट्टही नको. गुंतागुंतीचं एआय मॉडेल लाखो लोकांच्या डेटावर असं चालवणं आजही फार महाग आहे.

पण नुसत्या बेरजा, मोजण्या, सरासऱ्या? सरकारी अहवालांत दुसरं असतं काय! तेवढ्यासाठी गावोगावची नावानिशी यादी जिल्ह्याला उघडी का जावी? आपल्या ग्रुपवर जिल्हा परिषदेत आणि आयटीत काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडून महिन्याला वर जाणाऱ्या एक्सेल फायलींपैकी किती फायलींचा शेवटी फक्त एक आकडा होतो, एवढं मोजून कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, नुसती संख्या चालेल.